पाहण्याची पाळी

वामनराव सरोद्यांचं ते व्याख्यान आता त्यांच्यावाचूनही पार पडलं असतं. इतक्यांदा देऊन झालं होतं, की तोंड आपलं आपण बोलत राही आणि वामनराव आत कुठेतरी बसून उद्या भाजी कोणती करावी याचा विचार करत. अमरावती, अकोला, खामगाव, यवतमाळ. वऱ्हाडात ज्या गावाला वाचनालय होतं आणि वाचनालयाला उत्साही चिटणीस होता, त्या गावाने 'नवे विज्ञान आणि आपले ऋषी' एकदा तरी ऐकलं होतं. काही गावांनी दोनदा ऐकलं होतं, आणि दुसऱ्यांदा जास्त टाळ्या दिल्या होत्या.

तसे ते प्रोफेसर नव्हते. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत निदर्शक होते. म्हणजे मुलांना भिंगं काढून द्यायची, तारा जोडून द्यायच्या, आणि संध्याकाळी फुटलेल्या नळ्या मोजून कपाट बंद करायचं. पण राजापेठेतल्या व्याख्यानमालेचे चिटणीस महादेवराव कागदावर 'प्रोफेसर' असंच छापत. निदर्शकाला ऐकायला कोण येणार?

व्याख्यान मोठं बेतलेलं होतं. विलायतेतले पंडित एक प्रयोग सांगतात, असं वामनराव सुरुवातीला म्हणत. एका पडद्याला दोन बारीक चिरा आहेत आणि त्यांतून विद्युत्कण सोडायचे आहेत. कोणता कण कोणत्या चिरेतून गेला हे पाहायला गेलं नाही, तर कण दोन्हींतून गेल्यासारखा वागतो. पाहायला गेलं, की गुमान एकाच चिरेतून जातो. म्हणजे कोणी पाहत नाही तोवर तो धड इथेही नाही आणि धड तिथेही नाही. इथे थांबून ते पाण्याचा घोट घेत. मग आवाज थोडा खाली आणून म्हणत, "आपल्या ऋषींनी ज्याला द्रष्टा म्हटलं, साक्षी म्हटलं, तो हाच. पाहणारा आहे म्हणून जग आहे. पाहणाऱ्याने पाहणं सोडलं, की जग उरत नाही." टाळ्या इथे पडत. पहिल्या रांगेतले पागोटेवाले वकील एकमेकांकडे पाहून मान हलवत, जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

ऋषींना जे म्हणायचं होतं ते वेगळं होतं आणि विलायतेच्या पंडितांना जे म्हणायचं होतं ते वेगळं होतं, हे वामनरावांना चांगलं माहीत होतं. दोघांची सोयरीक त्यांनीच जुळवली होती, मुलगा मुलगी न दाखवता.

पहिल्या वर्षी त्या व्याख्यानात आणखी एक वाक्य होतं. 'मात्र इथे पाहणं म्हणजे माणसाच्या डोळ्यांनी पाहणं नव्हे. नोंद व्हायला फोटोची एक काच पुरते, आणि काचेला काही जीव नसतो.' हे वाक्य आलं की सभागृह थंड पडे. लोक उपरणी सावरू लागत. दोन-तीन सभा झाल्यावर महादेवरावांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "सरोदे, ते काचेचं काढून टाका बुवा. जेवण झाल्यावर कडू औषध दिल्यासारखं वाटतं." वामनरावांनी काढून टाकलं. भांडायला त्यांच्यात तेव्हा जोर होता, पण एका वाक्यासाठी कोण भांडत बसतो, असं त्यांना वाटलं.

आता जोर राहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी सत्यवती गेली, तेव्हापासून ते थकलेच होते. माणूस कामाने थकतो, तसलं हे थकणं नव्हतं. ते झोप घेऊनही जात नसे. सत्यवतीला विषमज्वर झाला होता. ताप उतरणीला लागलाय असं डॉक्टर म्हणाले म्हणून वामनराव अकोल्याला गेले, एका दिवसाचा तर प्रश्न होता. ते व्यासपीठावर पाण्याचा घोट घेत होते त्या संध्याकाळी ती गेली. शेजारच्या लीलाबाई तिच्याजवळ होत्या. सकाळच्या गाडीने ते परतले तेव्हा लीलाबाई दारातच उभ्या होत्या. "मी हात नाई सोडला भाऊजी, ठेट आखरीपर्यंत पायत होती," एवढं त्या बोलल्या आणि पुढे आणखी काही सांगायला लागल्या. वामनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं होतं. पुढे केव्हाही लीलाबाईंनी, "त्या दिवशी वहिनी..." अशी सुरुवात केली, की ते पावसापाण्याचं काढत. हळूहळू लीलाबाईंनीही सुरुवात करणं सोडलं.

सन अडतीसच्या कार्तिकातल्या एका शनिवारी दुपारी ते प्रयोगशाळेचं कपाट लावत होते, तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तीस-बत्तिशीचा, धोतर धुळीने भरलेलं, डोळे लाल. दारू प्यायलाय की काय, असं वामनरावांना आधी वाटलं.

"रामराम जी. सरोदे मास्तर तुमीच ना? मी शालिकराम. वरुडहून आलो. आमची संत्र्याची बाग हाये तथी."

"बसा. काय काम काढलं?"

शालिकराम बसला नाही. "मास्तर, तुमचं भाषन मागं घ्या," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. नवरात्रात त्याची आई रुख्मिणीबाई अमरावतीला बहिणीकडे आली होती. बहिणीबरोबर राजापेठेत व्याख्यान ऐकायला गेली. घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, मास्तर फार मोठा माणूस आहे, आपल्या देवाधर्माचंच बोलतो, पण पुराव्यानिशी. त्यानंतर तीन आठवड्यांनी शालिकरामचे वडील खुशालराव बागेत झाडाखालीच पडले. लकवा. बोलणं गेलं, अंग गेलं, डोळे तेवढे अर्धवट उघडे राहिले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई म्हशीला वैरण टाकायला बाहेर गेली, तर इकडे खुशालरावांचा श्वास अडकला. ती धावत आली, तोंडावर वाकून पाहू लागली, आणि श्वास परत सुरू झाला.

"तवा आईले तुमचं भाषन आठोलं," शालिकराम म्हणाला. "तवापासून बाबावरची नजर काढू देत नाई. पाह्याच्या पाया लावल्या हायेत, बागेत राखनीले जागलीच्या लावतो तशा. एक आईची, एक मायी, एक माया बायकोची. आज तेरा दिस झाले. कोनी झोपलं नाई धड. बागेत मानूस नाई, पोपट आन वांदरं फयं खाऊन राहिले. खाऊ द्या. त्याचं काई नाई."

"मग?"

"कौशल्या, मायी बायको. सात महिन्याचं लेकरू हाये अंगावर. परवा तिच्या पाईत लेकराकडं पायलं तिनं, घडीभर, आन बाबाले ठसका लागला. तवापासून आई तिच्याशी बोलत नाई. मास्तर, बाबा तं जानारच. मले समजते. पन ते जर तिच्या पाईत गेले, तं ते बाई त्या घरात जनमभर कशी राहीन? आई तिच्याकडं कशी पाहीन? तुमी सांगतलं, तुमीच येऊन मोडा."

वामनरावांनी कपाटाला कुलूप लावलं. खरं सांगायचं तर पहिला विचार त्यांच्या मनात आला तो, चिठ्ठी लिहून देता येईल का, असा. पण शालिकराम त्यांच्याकडे असं पाहत होता, की चिठ्ठीचं त्यांना बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने दोघे निघाले.

मोर्शीपर्यंत शालिकराम बसल्या जागी झोपला. मोर्शीच्या पुढे जागा झाला तो दचकून, आणि समोरच्या बाकावरच्या माणसाकडे टक लावून पाहू लागला. मग आपण मोटारीत आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंड फिरवलं.

घर बागेला लागूनच होतं. झाडांखाली अर्धवट खाल्लेली संत्री पडली होती आणि आंबूस वास सुटला होता. बागेच्या मधोमध मचाण उभं होतं, रिकामं. जागलीचा या घराचा एक नियम होता, तो शालिकरामने मोटारीतच सांगितला होता. मचाणावरच्याने खाली उतरायचं नाही, जोवर दुसरा वर चढून, चारी बाजूंना नजर फिरवून 'दिसलं' म्हणत नाही. बागेला घटकाभरही डोळ्याआड करायचं नाही. आजोबाच्या वेळेपासून असंच चाललं होतं.

मधल्या खोलीत बाजेवर खुशालराव पडले होते. दाढीचे खुंट वाढलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. बाजेशेजारी पाटावर साठीची एक बाई ताठ बसली होती. तिच्या मांडीजवळ कापलेला कांदा होता. डोळे मिटू लागले की तो डोळ्यांशी धरायचा.

"आले काय जी मास्तर?" नवऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "बसा. राग मानू नका, मले तुमच्याकडं पाहता येत नाई."

वामनराव भिंतीशी बसले. वाटेत त्यांनी मनाशी सगळं बेतून ठेवलं होतं. "बाई, मी मुद्दाम एक सांगायला आलोय. त्या दिवशी व्याख्यानात माझं एक वाक्य राहून गेलं. तिथे पाहणं म्हणजे माणसाच्या डोळ्यांनी पाहणं नव्हे. फोटोच्या काचेवर नुसती खूण उमटली, तरी ते पाहणंच झालं. डोळे लागत नाहीत."

"डोये नाई लागत?"

"नाही लागत."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"राहून गेलं."

"यवढी मोठी गोष्ट राहून गेली?" तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. स्वयंपाकात मीठ विसरलेल्या सुनेकडे पाहावं, तसं तिने वामनरावांकडे पाहिलं असतं, पण पाहता येत नव्हतं.

"आणि हे सगळं अगदी बारीक कणांपुरतं आहे," वामनराव म्हणाले. "माणसाला लागू नाही."

"मानूस कायचा बनला हाये, मास्तर?"

"कणांचाच."

"मंग?"

बारा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना हे विचारलं नव्हतं. उत्तर होतं, पण ते फळ्यावर होतं. ते मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडून देऊ लागले. रुख्मिणीबाई म्हणाली, "डॉक्टरनं दोन दिस सांगतले होते. आज चौदावा हाये. मी नजर काढली तवा श्वास गेला, मी पायलं तवा आला. हे मी मायाच डोयांनी पायलं. आता तुमी म्हनता ते नाई. तुमचं कोनतं खरं मानू जी? पाचशे लोकाइत सांगतलेलं, का इथं एकटीले सांगून राहिले ते?"

आपण एवढे थकलो आहोत हे वामनरावांना त्याच क्षणी नीट कळलं. नऊ वर्षं आपण लोकांना त्यांना हवं तेच दिलं, आणि आता एका बाईला खरं द्यायला आलो तर आपल्याजवळ पत नाही.

तेवढ्यात आतून कौशल्या आली. पोरसवदा बाई, डोळ्यांखाली काळं, पदर दुधाने भिजलेला. आतल्या खोलीत लेकरू रडत होतं. तिची पाळी होती. ती बाजेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि खुशालरावांकडे पाहत बारीक आवाजात म्हणाली, "दिसले, आत्याबाई." सासू काही बोलली नाही. लेकराचं रडणं वाढलं. कौशल्याने मान वळवली नाही, पण तिचे खांदे वळले. वामनरावांना ते बघवलं नाही.

"ही पाळी मी करतो," ते म्हणाले.

रुख्मिणीबाईने विचार केला. "तुमी तं सांगनारेच होय. तुमाले जमन."

वामनराव पाटावर बसले. "दिसले," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना कोण्या भोंदूचा वाटला. कौशल्या उठून जवळजवळ पळतच आत गेली. रुख्मिणीबाई मात्र झोपायला गेली नाही. भिंतीला टेकून बसली आणि वामनराव नीट पाहतायत की नाही, हे पाहत राहिली.

माणसाकडे नुसतं पाहत बसणं किती अवघड असतं, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. थोड्याच वेळात चेहरा चेहरा राहत नाही. नाक वेगळं दिसतं, गालाचा खड्डा वेगळा. खुशालरावांचे डोळे अर्धे उघडे होते आणि वामनरावांकडेच वळलेले होते, पण त्या डोळ्यांमागे कोणी होतं की नव्हतं? 'साक्षी' हा शब्द वामनरावांनी किती व्यासपीठांवर उच्चारला होता. आत बसून पाहणारा, ज्याला काही लागत नाही, जो जात नाही. आज पहिल्यांदा त्या शब्दासमोर हातभर अंतरावर बसायची वेळ आली होती, आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. पंडितांचं गणितही कामाला येत नव्हतं आणि ऋषींची पोथीही. एक म्हातारा माणूस घरघर करत श्वास घेत होता, एवढंच दिसत होतं.

सत्यवतीचे डोळे शेवटी उघडे होते की मिटलेले, हे आपल्याला ठाऊक नाही, असं एकाएकी त्यांच्या मनात आलं.

"घरी कोन कोन हाये जी तुमच्या?" भिंतीकडून रुख्मिणीबाईने विचारलं. पाहुण्याला विचारायचं म्हणून विचारलं.

"कोणी नाही. बायको होती. सहा वर्षं झाली जाऊन."

"काय झालतं?"

"ताप."

"तुमी जवळ होते?"

वामनराव खुशालरावांकडेच पाहत होते. ती त्यांच्या पाठीकडे पाहत होती. समोरासमोर असते, तर ते नक्की पावसापाण्याचं काढून मोकळे झाले असते.

"नाही. मी अकोल्याला होतो," ते म्हणाले. मग कॉलेजात इतकी वर्षं जपून ठेवलेली पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "अकोल्याले होतो, बाई. हेच सांगून राहिलो होतो लोकाइले. पाहनारा हाये म्हनून जग हाये. लोकं टाया वाजवून राहिले होते, आन इकडं ते गेली."

आत लेकराचं रडणं थांबलं होतं. कौशल्या त्याला छातीशी धरून उंबऱ्यात येऊन उभी होती.

"म्हंजे," रुख्मिणीबाई हळूच म्हणाली, "तुमी पायत नव्हते म्हनून गेली?"

सहा वर्षं वामनराव ज्या प्रश्नाला वळसा घालून जात होते, तो हाच. ते व्याख्यान खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही दर वेळी ते वाक्य तोंडातून गेलं की आत कोणीतरी विचारायचं, मग सत्यवतीचं काय? म्हणून तर भाजीचा विचार करावा लागे.

"नाई," ते म्हणाले. "शेजारच्या लीलाबाई होत्या तिच्यापाशी. हात धरून बसल्या होत्या. ठेट आखरीपर्यंत पायत होत्या."

"नजर नाई काढली?"

"नाई काढली."

"तरी गेली?"

"तरी गेली."

रुख्मिणीबाईने कपाळावरचा पदर मागे सारला. "मंग तुमचा कायचा दोष, बापा?" ती म्हणाली. "तुमी असते तरी गेली असती. पाहनारी पायतच होती ना. कायले जीव खाता सोताचा?"

हे ती ज्या सहजपणे बोलली, त्या सहजपणानेच वामनरावांचं अवसान गळालं. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडे पाहत होती. तिचे डोळे कांद्याने आणि जागरणाने सुजले होते, आणि त्या डोळ्यांत आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आल्यासारखं काहीतरी हळूहळू उमटत होतं. तिने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. कौशल्या लेकराला घट्ट धरून उभी होती, आता बोलणी खायची म्हणून मान खाली घातलेली.

"कौशल्या," सासू म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती सुनेचं नाव घेत होती. "उभी काहून राहिली व? लेकराले घेऊन पड घडीभर. तुये डोये पाय कसे झाले."

"आत्याबाई, मायी पाई..."

"कायची पाई?" म्हातारी जवळजवळ ओरडलीच, आणि मग रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, अंग हलवून रडत होती. कौशल्या धावत तिच्यापाशी गेली. सासूने लेकरासकट तिला ओढून जवळ घेतलं. शालिकराम ओसरीवरून आत आला आणि काय झालं हे न कळून दारातच उभा राहिला. त्या सगळ्या गडबडीत बाजेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. खुशालराव आपले घरघर करत श्वास घेत होते.

रडून झाल्यावर रुख्मिणीबाई उठली, तोंड धुऊन आली आणि नवऱ्याच्या ओठांवर ओला बोळा फिरवला. तेरा दिवस तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं होतं, पाणी सुनेने पाजलं होतं. मग त्यांच्या डोळ्यांवर अलगद हात फिरवून तिने पापण्या खाली केल्या. "झोपा जी आता तुमीबी," ती म्हणाली. आणि कोणीही 'दिसले' म्हणण्याची वाट न पाहता शेजारच्या खोलीत जाऊन आडवी झाली. सूर्य अजून मावळायचा होता, पण त्या घरात ती झोपली, कौशल्या झोपली, शालिकराम ओसरीवर झोपला. वामनराव खुशालरावांजवळ बसून राहिले. पाळी म्हणून नव्हे, जाणार तरी कुठे होते? मधूनच त्यांना डुलकी लागत होती. जाग आली की म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ते परत आले. निघताना शालिकरामने टोपलीभर संत्री मोटारीच्या टपावर चढवली आणि त्यांच्या पायांना हात लावला. वामनरावांनी त्याला मध्येच धरलं. पाया पडून घेण्यासारखं आपण काही केलं नाही, हे त्यांना सांगायचं होतं, पण मोटार सुटली.

महिन्याअखेरीस अकोल्याचं निमंत्रण होतं. नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण मग गेले. दोन चिरा सांगितल्या, कण सांगितला, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाले, "मात्र इथे पाहणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं नव्हे. फोटोची काच पुरते, आणि काचेला जीव नसतो. ऋषी ज्या पाहणाऱ्याबद्दल बोलत होते, तो हा नव्हे. तो कोण, हे मला माहीत नाही. मी एकदा त्याच्यासमोर बसून आलोय, तरी माहीत नाही." टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या वकिलांनी घड्याळं काढली. महादेवरावांना हे कळायला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना? वामनराव म्हणाले, "थकलोय बुवा. पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा." महादेवरावांनी फारसा आग्रह केला नाही.

त्याच आठवड्यात वरुडहून कार्ड आलं. शालिकरामचं अक्षर शाळा सोडलेल्या माणसाचं होतं, मोठं आणि ओळीबाहेर जाणारं. 'रा. रा. मास्तर यांसी, बाबा सोमवारी दुपारी गेले. आमी सगळे बागेत तोडणीले होतो. घरी कोणी नवते. आई म्हणते मास्तरले कळव, कोणीच पायत नवते आन कोणाचाच दोष नाई. कौशल्याने नमस्कार सांगतला आहे.'

वामनरावांनी कार्ड दोनदा वाचलं. मग खिशात घातलं, पायात वहाणा सरकवल्या आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. लीलाबाई तांदूळ निवडत होत्या, सूप हातात घेऊनच दाराशी आल्या.

"वहिनी," ते म्हणाले. "त्या दिवशी... तिचे डोळे उघडे होते का हो शेवटी? काही बोलली का ती?"

लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सा वर्सं झाले भाऊजी, वाट पाहून राहिली मी, तुमी कवा इचारता त्याची," त्या म्हणाल्या. "या. बसा."